माहेरचा दोष नाही. बहिणीची तपासणी मात्र हवी

पत्र:

‘माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. अडीच महिन्यांची लस दिली तेव्हा त्याची मांडी काळीनिळी पडून सुजली होती, आठ दिवस उतरली नाही. चालायला लागल्यावर उजवा गुडघा फुगला. एका डॉक्टरांनी लचक भरली म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी रक्त तपासायला पाठवलं. फॅक्टर आठ १ टक्क्यापेक्षा कमी निघाला, म्हणजे सिव्हिअर हिमोफिलिया ए. मग मुंबईहून जनुकांचा रिपोर्ट आला. त्यावर ‘फॅक्टर आठ जनुक, इंट्रॉन २२ इन्व्हर्जन’ असं लिहिलंय. माझंही रक्त घेतलं होतं, मी कॅरियर आहे म्हणाले.

माझे मिस्टर चादरीच्या कारखान्यात जकार्डवर काम करतात. ते माझ्या आत्याचा मुलगा, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्याच आहेत. पण आता त्या म्हणतात, आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं, हे तुझ्या आईकडून आलं. शेजारच्या बायका म्हणतात, नात्यात लग्न केलं म्हणून. आई विड्या वळते, तिला वाटतं तंबाखूमुळे झालं. आणि मी गरोदर असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती, ते आठवून मला रात्र रात्र झोप येत नाही. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. वडील ठणठणीत आहेत, दोन्ही मामाही.

धाकटीचं लग्न ठरतंय. माघात सुपारी फोडायचीय. आई म्हणते, हे तिच्या सासरी कळता कामा नये, तिलाही सांगू नकोस. तिची पाळी आठ-नऊ दिवस जाते, हिमोग्लोबिन कायम कमी, आधीच अशक्त आहे, आणखी घोर कशाला लावायचा? आम्ही दुसरं मूल होऊ द्यावं का? आणि हा नीट मोठा होईल ना?’

— एक आई, सोलापूर

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं वाचताना तुमचं अर्धं लक्ष तिकडेच राहणार. हो, मोठा होईल. शाळेत जाईल, सायकल चालवेल, पोहेल, नोकरी करेल. एकच अट आहे: उपचार वेळेवर आणि नेमाने व्हायला हवेत. हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी पडतं, तुमच्या मुलात ते फॅक्टर आठ. त्यामुळे रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, ते जास्त वेळ वाहत राहतं. खरचटण्याची फार भीती नको, बोटाने दाबून धरलं की ते बहुधा थांबतं. खरी भीती आतल्या रक्तस्रावाची असते: गुडघा, घोटा, कोपर, स्नायू आणि डोकं.

नात्यांकडे वळण्याआधी गुडघ्याचं बोलते, कारण गुडघा थांबणार नाही. एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचलं की आतलं अस्तर सुजून जाड होतं, मग ते आणखी सहज फुटतं आणि हळूहळू कूर्चा झिजते. वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा साठीच्या माणसासारखा झालेला मी पाहिला आहे. ते टाळता येतं. सव्वा वर्षाचं मूल ‘दुखतंय’ असं सांगत नाही. पाय टेकवायचा थांबतो, लंगोट बदलताना रडतं, एका गुडघ्याला हात लावला तर तो दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. सूज दिसायची वाट पाहू नका. एवढं जाणवलं तरी फॅक्टर द्यायची वेळ झाली असं समजा. सुजलेल्या सांध्याला तेल लावून चोळू नका, शेक देऊ नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा, पाय उंचावर ठेवा आणि दवाखाना गाठा.

फॅक्टरचं गणित अवघड नाही, आणि ते तुम्हाला स्वतःला यायला हवं. फॅक्टर आठच्या बाबतीत वजनाच्या दर किलोमागे १ युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी चढते. मूल १० किलोचं असेल, तर २५० युनिटच्या एका बाटलीने पातळी ५० टक्क्यांच्या आसपास जाते. आठ ते बारा तासांत त्यातलं निम्मं संपतं, लहान मुलांत त्याहूनही लवकर. त्यामुळे मोठ्या रक्तस्रावाला एक डोस पुरत नाही. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवताना ती जोरात हलवायची नाही. तळहातांमध्ये धरून हळूच फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही. मग बारीक फुलपाखरी सुईने शिरेत सावकाश सोडायची. हे आधी नर्सकडून करून घ्या, बघत राहा, पुढे शिका. शिकलेल्या आया रात्री दोन वाजता रिक्षा शोधत बसत नाहीत.

मात्र रक्तस्राव झाला की फॅक्टर, एवढ्यावर थांबू नका. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, रक्तस्राव नसतानाही द्यायच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. सांधे वाचतात ते त्यानेच. एमिसिझुमॅब नावाचं दुसरं औषधही आता भारतात मिळतं. ते त्वचेखाली टोचतात, आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने. ते फॅक्टर आठ नव्हे, पण फॅक्टर नऊ आणि दहा यांना जवळ आणून आठचं काम करतं. लहानग्याची शीर सापडत नसते तेव्हा हा मोठा दिलासा असतो. चालू रक्तस्राव थांबवायला मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे फॅक्टरच लागतो. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत देण्याची सोय आहे. सिव्हिलमध्ये मुलाची नोंद करून घ्या. साठा कुठे असतो, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला विचारायचं, हे आजच लिहून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, तेव्हा दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्जही करा. ‘माझं मूल दिव्यांग कसं?’ असं वाटून पुष्कळ आईबाप ते टाळतात. टाळू नका, पुढे शाळा-कॉलेजात कामी येतं.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. सिव्हिअर हिमोफिलिया ए असलेल्या चारातल्या एकाहून थोड्या अधिक मुलांचं शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरला परकं समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. डॉक्टर त्याला इनहिबिटर म्हणतात. बहुतेक वेळा हे पहिल्या पन्नास डोसांच्या आतच घडतं. इन्व्हर्जन, म्हणजे जनुकाचा भाग उलटा बसणं, असलेल्या मुलांत शरीराने पुरा फॅक्टर आठ कधी बनवलेलाच नसतो, म्हणून तिथे ही शक्यता सौम्य आजारापेक्षा जास्त. नेहमीच्या डोसने रक्तस्राव आवरेनासा झाला, तर ‘इनहिबिटर तपासा’ असं तुम्हीच म्हणा. तुमच्याकडे जनुकांचा रिपोर्ट आहे, त्याचा हा प्रत्यक्ष उपयोग.

घरातल्या काही बारीक गोष्टी. ताप, दुखणं यासाठी फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरात आणूच नका. स्नायूत इंजेक्शन नको. लशी मात्र चुकवायच्या नाहीत. शक्य ती लस बारीक सुईने त्वचेखाली द्यायला सांगा आणि नंतर दहा मिनिटं दाबून धरा. जावळ काढायचं राहिलं असेल तर वस्तरा नको, मशीन फिरवा. कान टोचायचे असतील तर हिमोफिलिया बघणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सोलापुरात घरोघरी शहाबादी फरशी असते, तो चालायला शिकतोय तोवर खेळायच्या जागी जाड सतरंज्या टाका आणि पँटला गुडघ्यावर आतून पॅड शिवून घ्या. डोक्याला जोरात लागलं, किंवा लागल्यानंतर उलटी झाली, मूल पेंगायला लागलं, तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनसाठी फॅक्टर थांबवायचा नाही. हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या वर लावा, म्हणजे ड्यूटीवर नवा डॉक्टर असला तरी वाद घालावा लागणार नाही.

आता दोषाचं बोलू.

तुम्ही कॅरियर आहात, याचा अर्थ हा बदल तुमच्या स्वतःच्या पेशींत आहे, आणि तो तुमच्या जन्माआधीपासून आहे. मग तुमच्या गरोदरपणातल्या ग्रहणाने, विळीने, भाजीने तो मुलात कसा येईल? ती भाजी तुम्ही चिरली नसती तरी त्याचा फॅक्टर आठ आज आहे तेवढाच असता. आज रात्री अंथरुणावर पडल्यावर हे पुन्हा वाचा. विड्यांचं तसंच. तंबाखूच्या धुळीने तुमच्या आईच्या फुप्फुसांना त्रास होतो, त्यासाठी तिने नाकातोंडाला फडकं बांधावं, खोलीत हवा खेळती ठेवावी. नातवाच्या आजाराचं ओझं मात्र तिने वाहू नये.

नात्यातल्या लग्नाचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे आतेभाऊ-मामेबहीण, मामा-भाची अशी लग्नं घराघरांत आहेत आणि कुठलाही आजार निघाला की बोट तिकडे जातं. काही आजारांत ते बरोबरही असतं. थॅलेसेमियासारख्या आजारात आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, आणि नात्यातल्या जोडप्यात दोघांकडे एकच बिघाड असायची शक्यता वाढते. हिमोफिलियाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला बापाकडून वाय येतो आणि एक्स फक्त आईकडून. तुमच्या मिस्टरांचा एक्स या बाळात आलेलाच नाही. तुम्ही नात्याबाहेर, कुठल्याही गावी दिली गेली असतात, तरी हेच घडलं असतं. एक सावधगिरी मात्र पुढच्यासाठी लक्षात ठेवा. याला पुढे बहीण झाली आणि ती कॅरियर निघाली, तर तिची मुलगी याला करायची असा विषय कधी काढू नका. हिमोफिलिया असलेला पुरुष आणि कॅरियर स्त्री अशी जोडी झाली तर मुलींनाही पूर्ण हिमोफिलिया होऊ शकतो.

मग हा बदल आला कुठून? तुमच्या रिपोर्टवरचे ते मोजके शब्द याचं बरंच उत्तर देतात.

फॅक्टर आठ हे २,३३२ अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन आहे, ते प्रामुख्याने यकृतात तयार होतं. जखम झाली की रक्तात एकामागून एक प्रथिनं जागी होतात आणि शेवटी गाठ धरणारं जाळं विणलं जातं. फॅक्टर नऊने दहाला जागं करायचं असतं, आणि आठ हाताशी असला तर ते काम कित्येक हजार पटींनी वेगाने होतं. आठ नसला की तिथेच सगळं रेंगाळतं. हे प्रथिन कसं बनवायचं याची माहिती एक्सच्या टोकाजवळच्या एका जनुकात असते. ते सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचं आहे आणि त्यातला कामाचा मजकूर २६ तुकड्यांत विखुरलेला आहे. या जनुकात आजवर हजारांहून अधिक वेगवेगळे बदल सापडले आहेत. कुठे एकच अक्षर बदललेलं असतं, प्रथिन तयार होतं पण अधू, आणि आजार सौम्य राहतो. फॅक्टर ५ ते ४० टक्के असला तर सौम्य, १ ते ५ टक्के मध्यम, त्याखाली गंभीर. कुठे मोठा तुकडाच गळालेला असतो. पण गंभीर हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी ४० ते ४५ टक्के लोकांत तुमच्या मुलासारखाच बदल असतो. तो १९९३ साली उलगडला.

तुमचे मिस्टर हे लगेच समजतील. जकार्डवर डिझाइनची भोकं पाडलेली कार्डं एकापुढे एक जोडून माळ केलेली असते. समजा २६ भागांच्या माळेतले पहिले २२ भाग कुणी सोडवले, उलटे फिरवले आणि दूर भलत्याच ठिकाणी नेऊन जोडले. शेवटचे ४ जागेवरच राहिले. एकही कार्ड हरवलेलं नाही, एकही भोक बुजलेलं नाही, तरी चादरीवर नक्षी उतरणार नाही. इंट्रॉन २२ इन्व्हर्जन म्हणजे हेच. म्हणूनच साध्या पद्धतीने अक्षरं वाचत गेलं तर हा बदल निसटतो, त्याच्यासाठी वेगळी चाचणी लागते.

आता आत्यांच्या बोलण्याकडे येते. हे उलटणं घडतं कुठे? २२व्या आणि २३व्या तुकड्यांच्या मधल्या जागेत, म्हणजे इंट्रॉन २२ मध्ये, जो मजकूर आहे, त्याच्याच आणखी दोन प्रती एक्सच्या टोकाकडे आहेत. बीज तयार होताना गुणसूत्रं जोडीने शेजारी येतात. स्त्रीमध्ये एक्सला दुसरा एक्स मिळतो आणि दोघं पूर्ण लांबीभर नीट जुळून बसतात. पुरुषामध्ये एक्सला दुसरा एक्स नसतो, वाय त्याला पुरता जुळत नाही. मग टोक स्वतःवरच दुमडतं, सारखा मजकूर सारख्याला चिकटतो, आणि सुटताना मधला भाग उलटा बसतो. त्यामुळे हा बदल नव्याने जन्मतो तो जवळजवळ नेहमी पुरुषाच्या शुक्रजंतूत. त्या पुरुषाला स्वतःला काहीच होत नाही. त्याच्या मुलीला तो एक्स मिळतो, तिलाही बहुधा काही कळत नाही, आणि तिच्या मुलाच्या गुडघ्यात तो पहिल्यांदा दिसतो.

म्हणजे तुमच्या बाबतीत दोन शक्यता उरतात. एक, हे तुमच्या वडिलांच्या एका शुक्रजंतूत घडलं आणि तुमच्यापासून सुरू झालं. दोन, तुमची आई कॅरियर आहे, आणि ते तिच्या वडिलांमध्ये किंवा त्याही मागच्या पिढीत घडलं. तुम्हाला भाऊ नाही, त्यामुळे आईत असलं तरी आजवर दिसायला जागा नव्हती. मामा ठीक आहेत म्हणून दुसरी शक्यता पुसली जात नाही, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते आणि दोघंही सुटू शकतात. पहिली शक्यता खरी असेल, तर ‘तुझ्या आईकडून आलं’ म्हणणाऱ्या आत्यांच्या सख्ख्या भावाकडे ते जातं. हे मी त्यांच्यावर डाव उलटवायला सांगत नाही, तुम्हीही तसं वापरू नका. तुमच्या वडिलांनी काही केलेलं नाही. कोट्यवधी शुक्रजंतूंतल्या एकात, कुणाच्याही हातात नसलेली घटना घडली, एवढंच. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश कुटुंबांत आधी कुणालाच हा आजार नसतो, तेव्हा ‘घराण्यात नव्हतं’ हे म्हणणं खरं असूनही त्यातून दोष निघत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४७ साली, जनुक डोळ्यांनी पाहायची सोय नसताना, केवळ कुटुंबांच्या आकडेवारीवरून मांडलं होतं की हिमोफिलियाचे नवे बदल स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त घडत असावेत. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे आजही ‘सुनेच्या माहेरचं’ म्हणून बोट दाखवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बहीण. इथे तुमच्या आईचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही, आणि यात उशीर करू नका.

पाळी आठ-नऊ दिवस आणि हिमोग्लोबिन कायम कमी, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ मला तीच वाटली. कॅरियर स्त्री म्हणजे फक्त आजार पुढे नेणारी, स्वतः ठणठणीत, हा समज जुना झाला. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू असतो, दुसरा मिटलेला. कुठला मिटेल हे प्रत्येक पेशीत आपापलं ठरतं. सरासरीने कॅरियर स्त्रीचा फॅक्टर आठ ५० टक्क्यांच्या आसपास असतो, पण जिच्यात चांगला एक्स जास्त पेशींत मिटला, तिची पातळी ३० किंवा २० टक्केही असू शकते. ४० च्या खाली गेली तर तो सौम्य हिमोफिलियाच, बाईला झालेला. जास्त जाणारी पाळी, सहज उठणारे काळेनिळे डाग, दात काढल्यावर न थांबणारं रक्त ही त्याची लक्षणं. जास्त पाळीला इतरही पुष्कळ कारणं असतात, थायरॉइड, गर्भाशयातली गाठ, व्हॉन विलेब्रांड नावाचा रक्ताचा दुसरा दोष. म्हणून ती कॅरियर आहेच असं मी म्हणत नाही. पण सख्खी बहीण कॅरियर असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणं बरोबर नाही.

तिच्या दोन तपासण्या करा. फॅक्टर आठची पातळी कळली की तिच्या स्वतःच्या तब्येतीचं कळेल. पण पातळी चांगली आली म्हणून ती कॅरियर नाही असं ठरत नाही, त्यासाठी जनुकांचीच तपासणी लागते. तुमच्या घरातला बदल आधीच सापडलेला आहे, त्यामुळे प्रयोगशाळेला सगळं जनुक धुंडाळायचं नाही, एकच गोष्ट बघायची आहे. मुलाच्या रिपोर्टची प्रत सोबत द्या. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, ‘एनआयआयएच’ म्हटलं की कळतं, तिथे अशा तपासण्या होतात. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी दादरला उतरता येतं. पण आधी फोन करा, नमुना सोलापुरातून पाठवता येतो का ते सिव्हिलमध्ये विचारा. आईचंही रक्त त्याच वेळी द्या. आईत बदल नसला तर धाकटीला धोका फारच कमी, आईत असला तर निम्मा, आणि मग मावश्या आणि त्यांच्या मुलींपर्यंतही ही बातमी पोचवावी लागेल.

तिला सांगायचं कसं? आई समोर नसताना, दोघीच असताना सांगा. ‘बाळाला जे आहे ते माझ्यातून आलं. तुझ्यातही असू शकतं, नसूही शकतं. तुझी पाळी इतकी जाते, म्हणून मला ते बघून घ्यायचंय.’ एवढं पुरे. घोर लागेल म्हणून लपवलेली गोष्ट तिला बाळंतपणाच्या टेबलावर कळली, तर तो घोर कितीतरी मोठा. कॅरियर स्त्रीचा फॅक्टर आठ गरोदरपणात वाढतो, म्हणून त्या काळात केलेली तपासणी फसवी येऊ शकते. बाळंतपणानंतर तो पुन्हा उतरतो, आणि घरी गेल्यावर काही दिवसांनी अंगावरून जोरात जायला लागतं. पोटात मुलगा असला तर चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून सोडवणं त्याच्या डोक्याला धोक्याचं असतं. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर हे सगळं सांभाळता येतं. जास्त पाळीवर ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या साध्या गोळ्यांनीही फरक पडतो, रक्ताच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सासरच्यांना सांगायचं का? तपासणी होईपर्यंत कुणालाच नाही, सांगण्यासारखं अजून काही नाहीच. निकाल नकारार्थी आला तर विषय संपला. कॅरियर निघाली, तर होणाऱ्या नवऱ्याला सुपारी फुटायच्या आधी सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सांगायचं मात्र तिने. आईने नाही, तुम्ही नाही, मध्यस्थाने तर मुळीच नाही. स्थळ मोडेल ही आईची भीती मी समजू शकते, दोन मुलींच्या लग्नाची काळजी काय असते ते विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण हे ऐकून जो माणूस उठून जाईल, तो पहिल्या मुलाच्या वेळी उठून गेला असता, आणि तेव्हा तिच्या कडेवर बाळ असतं.

दुसऱ्या मुलाबद्दल. प्रत्येक गरोदरपणात हिशेब नव्याने मांडला जातो: मुलगा झाला तर त्याला हिमोफिलिया असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती कॅरियर असण्याची निम्मी. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याला होणार नाही, किंवा होईलच, असं काही नाही. गर्भ ११ ते १३ आठवड्यांचा असताना वारेचा बारीक नमुना घेऊन हा बदल तपासता येतो. १९९४ चा गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा अशा आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करू देतो, पण मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ‘मुलगी असेल तर ठेवू’ असा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तपासणी करून घ्यायची असेल तर दिवस राहण्याच्या आधीच समुपदेशन घ्या, नंतर धावपळ होते. तपासणी न करता, आजाराची तयारी ठेवून दुसरं मूल होऊ देणं हाही शहाणपणाचाच निर्णय असू शकतो. तो तुम्ही दोघांनी घ्यायचा. मी घाई करू नका एवढंच म्हणेन. याच्या गुडघ्याची आणि फॅक्टरची घडी बसू द्या, वर्षभराने ठरवा.

जनुकोपचाराबद्दल कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेलच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सिव्हिअर हिमोफिलिया ए असलेल्या ५ प्रौढ पुरुषांना त्यांच्याच मूळ पेशींत चांगलं जनुक घालून परत देण्यात आलं. त्यांचे रक्तस्राव थांबले, आणि हा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात झालेलं हे काम अभिमानाचं आहे. पण त्यासाठी आधी केमोथेरपी द्यावी लागते आणि ते सव्वा वर्षाच्या मुलासाठी नाही. त्या दिवसापर्यंत त्याचे सांधे शाबूत ठेवणं, हे आपलं आजचं काम. तोवर कुणी हमखास इलाज म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

राहिल्या आत्या. त्यांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पुढच्या वेळी दवाखान्यात फॅक्टर द्यायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. नर्सने बाटली कशी फिरवली, सुई काढल्यावर किती वेळ दाबून धरलं, ते त्यांना बघू द्या. पॅरासिटामॉलची बाटली कुठली, बर्फ कशात गुंडाळायचा, फॅक्टर फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये का नाही, डॉक्टरांचा नंबर कुठे चिकटवलाय, हे त्यांना तोंडपाठ हवं. तुम्ही घरी नसताना तो पडला, तर पहिली दहा मिनिटं त्याच्याजवळ त्याच असणार आहेत.